दोन फोटोंमधलं अंतर: विद्यार्थ्यांना स्टॉप मोशन शिकवताना

स्टॉप मोशन म्हटलं की मुलांचे हात आधी मातीकडे जातात. तास संपत येईपर्यंत डायनासोर झकास तयार होतो, शेवटच्या दहा मिनिटांत घाईघाईने फोटो काढले जातात आणि पडद्यावर दिसतो थरथरत सरकणारा डायनासोर आणि त्याच्याबरोबर डुलणारं टेबल. मुलांनी बाहुली मन लावून केलेली असते. तिला हलवायचं कसं, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ॲनिमेशनचा सगळा जीव दोन फोटोंच्या मधे वस्तू किती सरकली यात असतो, आणि ते कळायला शर्टाचं एक बटण पुरतं. म्हणून इथे क्रम मुद्दाम असा ठेवला आहे: आधी बटण, मग कागद, मग माती, आणि गोष्ट त्यानंतर.

सेकंदाला बारा

वस्तू जराशी हलवायची, हात कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर घ्यायचा, एक फोटो काढायचा. पुन्हा जराशी हलवायची, पुन्हा फोटो. हे फोटो ओळीने भराभर दाखवले की वस्तू आपली आपण हलल्यासारखी दिसते. सेकंदाला दहा-बारा चित्रं झाली की ती सुटी-सुटी जाणवायची थांबतात आणि सलग हालचाल दिसू लागते. त्याहून कमी असली तरी हालचाल कळते, पण धक्के खात.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने, म्हणजे २४ सुट्या चित्रांनी चालतो. स्टॉप मोशन करणारे बरेचदा एक फोटो दोन फ्रेमपुरता ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ फोटोंवर भागतं. वर्गासाठी हाच आकडा धरावा. कष्ट निम्मे होतात हे एक कारण. दुसरं कारण हिशेबाचं. १२ ला २, ३, ४ आणि ६ ने भाग जातो. अर्धा सेकंद म्हणजे ६ फोटो, पाव सेकंद म्हणजे ३, हे मुलं तोंडी करू शकतात. सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी ८ चालतील. हालचाल जरा ठोकळेबाज दिसते, पण फिल्म पूर्ण होते. वेग कोणताही घ्या, पहिला फोटो काढण्याआधी तो ॲपमध्ये ठरवून ठेवा. १२ च्या हिशेबाने काढलेले फोटो २४ ने चालवले तर सगळं दुप्पट वेगाने पळतं आणि अंतरांचा केलेला विचार वाया जातो.

टाइम-लॅप्सशी याची गल्लत होते, ती सुरुवातीलाच सोडवावी. दोन्हींत कॅमेरा एकेक फ्रेमच टिपतो. दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ अशी एकेक फ्रेम टिपून पडद्यावर दाखवली होती. तिथे रोप स्वतः वाढत होतं, हे टाइम-लॅप्स. पुढे १९१५ मध्ये त्यांनी आगकाड्यांची छोटी फिल्म केली; तिथे काड्या हाताने हलवाव्या लागल्या, हे स्टॉप मोशन.

आता वेळेचं गणित, कारण वर्गातले बहुतेक बेत इथेच कोसळतात. हलवणं, हात काढणं, तपासणं आणि फोटो, या सगळ्याला नवख्या गटाला एका फ्रेममागे २० ते ३० सेकंद लागतात. २० सेकंदांच्या फिल्मला २४० फोटो हवेत. फोटोमागे २५ सेकंद धरले तर ६००० सेकंद, म्हणजे १०० मिनिटं. मांडामांड आणि पडझड वेगळी. ४५ मिनिटांच्या तासात मांडणी आणि आवराआवर वजा जाता अर्धा तास उरतो. त्यात सत्तरेक फोटो होतात, म्हणजे सहा सेकंदांची फिल्म. हे आकडे मुलांनाच फळ्यावर मांडू द्या. दोन सैन्यांची लढाई दाखवायला निघालेला गट मग आपणहून एका सैनिकावर येतो. बाहुल्यांच्या मोठ्या फिल्मवर काम करणारे कसलेले ॲनिमेटरसुद्धा दिवसाला काही सेकंदच पूर्ण करतात, हेही सांगावं. त्याने धीर येतो.

कॅमेरा हलू नये म्हणून

फोन किंवा टॅब्लेट, तो घट्ट धरणारी काहीतरी सोय, दोन दिवे, मास्किंग टेप, ब्लू टॅक (पुन्हा पुन्हा वापरता येणारा चिकट गोळा) आणि पट्टी एवढ्यावर सुरुवात होते. फोनवर ‘स्टॉप मोशन स्टुडिओ’सारखं ॲप घ्यावं. व्यावसायिक लोक संगणकावर ‘ड्रॅगनफ्रेम’ वापरतात, पण पहिल्या वर्षी त्याची गरज पडत नाही. ॲप निवडताना दोन सोयी पाहा. एक, ओनियन स्किन: आधीचा फोटो पुसटसा होऊन समोरच्या दृश्यावर दिसतो आणि वस्तू किती सरकली ते लगेच कळतं. दुसरी, फोकस आणि उजेड एका जागी लॉक करता येणं. या दोन नसतील तर दुसरं ॲप शोधा.

पहिले सगळे सराव वरून घ्या, कॅमेऱ्याचं तोंड खाली टेबलाकडे. सपाट पृष्ठभागावर काही पडत नाही, त्यामुळे मुलांचं लक्ष हालचालीवर राहतं. पुस्तकांचे दोन सारख्या उंचीचे गठ्ठे, त्यांवर आडवी फळी, फळीवर फोन आणि लेन्स फळीच्या कडेबाहेर. बहुतेक फोनच्या मुख्य लेन्समध्ये ३५ ते ४० सेंमी उंचीवरून ए३ आकाराचा कागद साधारण बसतो. फोन आडवा ठेवा. फोन फळीला, फळी गठ्ठ्यांना आणि कागदाचे चारही कोपरे टेबलाला टेपने चिकटवा. कागदाऐवजी कापड अंथरायचा मोह टाळा. हात लागला की त्याच्या सुरकुत्या बदलतात आणि फिल्ममध्ये जमीन वळवळते.

फोनच्या स्क्रीनवर बोट टेकलं की फोन केसभर हलतोच. ब्लूटूथ रिमोट असेल तर उत्तम. नसेल तर वायरचे इअरफोन जोडून आवाज वाढवायचं बटण दाबून पाहा, पुष्कळ फोनवर त्याने फोटो निघतो. फोन विमान मोडवर, स्क्रीन आपोआप बंद व्हायची सेटिंग बंद आणि चार्जर लावलेला. कामाच्या मधेच फोन आला की स्क्रीन उजळते, थरथरते आणि त्या एका फोटोत सगळं सरकतं.

टेबलाला कुणी टेकायचं नाही. हा नियम वर्गात दहा वेळा सांगावा लागतो. त्यापेक्षा टेबलाभोवती फूटभर अंतरावर जमिनीवर टेपची रेघ मारा आणि हलवणाऱ्यालाच आत येऊ द्या.

उजेड का लुकलुकतो

फिल्म चालवल्यावर चित्र क्षणात उजळ, क्षणात काळपट होत राहतं. याला फ्लिकर म्हणतात, आणि विद्यार्थ्यांच्या नव्वद टक्के चांगल्या कामाची शोभा हाच दोष घालवतो असं म्हटलं तरी चालेल. कारणं वेगवेगळी असतात. ती ओळखता आली तर उपाय सोपे आहेत.

सगळ्यात नेहमीचं कारण स्वतः कॅमेराच. फोन प्रत्येक फोटोआधी उजेड मोजतो आणि त्याप्रमाणे चित्र उजळ-गडद करतो. पांढरा कागद चौकटीत आला की तो चित्र काळवंडून टाकतो, काळी बाहुली आली की उजळवतो. लॉक याच्यासाठी हवं. बऱ्याच फोनवर स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर (चित्राचा उजेड) दोन्ही अडकतात. पांढऱ्या रंगाची छटा, म्हणजे व्हाइट बॅलन्स, वेगळा लॉक करावा लागतो. तो राहिला तर चित्र कधी पिवळसर, कधी निळसर होतं.

दुसरं कारण खिडकी. ढग येतो, ऊन उतरतं, तासाभरात सावली बोटभर सरकते. आपल्या डोळ्यांना हे जाणवत नाही, पण तासभराचं काम सहा सेकंदांत दाबून दाखवलं की ढळढळीत दिसतं. पडदे ओढा, वर्गातले दिवे बंद करा आणि एकाच जातीचे दोन टेबल-लॅम्प लावा, डावी-उजवीकडून, साधारण ४५ अंशांत तिरपे. दिव्यापासून थोड्या अंतरावर ट्रेसिंग पेपर धरला की सावल्या मऊ होतात. कागद तापणाऱ्या बल्बला चिकटवू नका. एलईडी असेल तरी वितभर अंतर ठेवा.

तिसरं कारण माणसं. पांढरा शर्ट घातलेलं मूल टेबलाजवळ वाकलं की त्याच्या शर्टाचा उजेड दृश्यावर पडतो, आणि पुढच्या फोटोच्या वेळी ते मागे सरलेलं असतं. हलवणाऱ्याने गडद कपडे घालावेत आणि प्रत्येक फोटोला त्याच जागी मागे उभं राहावं.

चौथं कारण विजेचं. अनेक दिवे विजेच्या लयीत, ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर सेकंदाला १०० वेळा आणि ६० हर्ट्झच्या पुरवठ्यावर १२० वेळा मंद-तेज होतात. शटर फारच कमी वेळ उघडलं तर एखाद्या फोटोत तेज क्षण सापडतो, एखाद्यात मंद. कधी चित्रावर आडवे पट्टे येतात. कॅमेऱ्यात शटरचा वेग ठरवता येत असेल तर ५० हर्ट्झला १/५० किंवा १/२५ सेकंद ठेवा, ६० हर्ट्झला १/६० किंवा १/३०. दृश्य स्थिर असल्यामुळे शटर जास्त वेळ उघडं राहिलं तरी काही बिघडत नाही.

बटणाचे दोन सेकंद

पहिला सराव असा. कागदावर पेन्सिलीने २४ सेंमीची फिकट रेघ, तिच्यावर दर सेंटीमीटरला खूण. बटण पहिल्या खुणेवर ठेवून फोटो, मग दुसऱ्या खुणेवर, असं शेवटपर्यंत. खुणांमधली अंतरं २४ पण जागा २५, म्हणून फोटोही २५. मुलं इथे हमखास एकाने चुकतात. फिल्म पाहिल्यावर बटण मोटरला बांधल्यासारखं सरळ, एकसारखं जातं. वर्गाला विचारा, हे बटण जिवंत वाटतं का. कुणीच हो म्हणत नाही.

आता तेच बटण, पण अंतरं बदलून. मिलिमीटरमध्ये ही माळ घ्या: २, ४, ७, ११, १५, १८, १८, १५, ११, ७, ४, २. बेरीज ११४, म्हणजे एका सेकंदात साडेअकरा सेंटीमीटरच्या आसपास. सुरुवातीला बटण जागचं हलवायच्या आधी ६ फोटो तसंच ठेवा, पोचल्यावर आणखी ८ तसेच. पडद्यावर बटण थांबतं, हळू निघतं, वेग घेतं, मंदावतं आणि थांबतं. ते स्वतःच्या मनाने गेलं असं वाटतं. या क्षणी वर्गात जी चुळबुळ होते तीच पुढच्या सगळ्या कामाची शिदोरी आहे, म्हणून हा सराव घाईत उरकू नये. जवळजवळ खुणा म्हणजे सावकाश, दूरदूर खुणा म्हणजे वेगवान. हे नुसतं सांगून फारसं उतरत नाही. दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावून दाखवा.

थांबण्याचं महत्त्व मुलांना पटायला वेळ लागतो. प्रत्येक फोटोत काहीतरी हललंच पाहिजे असं त्यांना वाटतं, आणि मग फिल्ममध्ये श्वास घ्यायला जागाच राहत नाही. पाहणाऱ्याला एखादी गोष्ट दिसायला अर्धा सेकंद तरी लागतो, म्हणजे ६ फोटो. शीर्षकाची पाटी मोठ्याने दोनदा वाचता येईल इतका वेळ ठेवा, २४ ते ३६ फ्रेम. ती वेगवेगळी टिपायची गरज नाही, ॲपमध्ये एकच फोटो तेवढ्यांदा वाढवता येतो.

चेंडू पडतो कसा

विज्ञानाचा तास आणि ॲनिमेशन इथे एकत्र येतात. वस्तू जागेवरून सुटून पडू लागली की समान वेळेत ती १, ३, ५, ७, ९, ११ या प्रमाणात अंतर कापते. गॅलिलिओने दाखवलेला हा नियम सरळ पट्टीवर उतरवता येतो. कार्डपेपरची गोल चकती घ्या आणि पहिलं अंतर अर्धा सेंमी धरा: ०.५, १.५, २.५, ३.५, ४.५, ५.५. सहा फोटोंत १८ सेंमी. वरून कॅमेरा असल्याने चकती टेबलावर पडूनच आहे, पण पडद्यावर ती खाली कोसळते. खरा चेंडू अर्ध्या सेकंदात साधारण १.२ मीटर पडतो, म्हणून ही चकती कंबरभर उंचीवरून सोडलेल्या चेंडूसारखी वाटते. चिमुकली वाटायला हवी असेल तर कमी फोटोंत पाडा, अजस्र वाटायला हवी असेल तर जास्त फोटोंत.

उसळताना तोच क्रम उलटा, आणि प्रत्येक उसळी आधीच्या दोन तृतीयांश उंचीची. माथ्यावर खुणा दाट होतात, म्हणून चेंडू वर क्षणभर रेंगाळतो. सगळ्यात मोठी चूक इथेच होते: मुलं माथ्यावरही सारखीच अंतरं ठेवतात आणि चेंडू वर एखाद्या छताला आपटून परतल्यासारखा दिसतो. जमिनीला टेकतानाच्या एका फोटोपुरती गोल चकतीऐवजी चपटी लंबगोल चकती ठेवा, आणि त्याच्या आधीच्या व नंतरच्या फोटोत उभी लंबगोल. तिन्हींचं क्षेत्रफळ साधारण सारखं असू द्या, नाहीतर चेंडू फुगतो आणि आकसतो. चपटा आकार दोन फोटो टिकला तर रबराचा चेंडू एकदम मातीचा होतो. एका फ्रेमचा फरक एवढा असतो.

कागदाची माणसं

कार्डपेपरची कापलेली पात्रं म्हणजे बटण आणि बाहुली यांमधली पायरी. डोकं, धड, दंड, हात, मांडी आणि पाय असे सुटे तुकडे कापा. सांध्यांना पितळी दुपाखी पिना लावायची पद्धत आहे, पण त्या घट्ट झाल्या की एक हात हलवताना अख्खं पात्र फिरतं. नवख्यांनी तुकडे सुटेच ठेवून मागून ब्लू टॅकचा ज्वारीएवढा गोळा लावावा. सांध्याच्या जागी दोन्ही तुकड्यांना गोल टोक द्या, म्हणजे वाकवल्यावर फट दिसत नाही. डोळे, भुवया आणि तोंडं वेगळी कापून ठेवा आणि बोटांऐवजी चिमट्याने हलवा.

माती, आणि ती उभी राहावी म्हणून

माती तेलकट हवी, न वाळणारी, प्लॅस्टिसिन जातीची. पाण्यात कालवलेली माती किंवा कणकेसारखी खेळायची क्ले दिव्याखाली अर्ध्या तासात सुकते, सांध्यांवर भेगा पडतात आणि पात्र मधल्या फोटोंत म्हातारं होत जातं. फिके रंग आधी मळा, गडद नंतर, आणि दोन रंगांच्या मधे ओल्या पुसण्याने हात पुसा. पांढऱ्यात एकदा लाल उतरला की तो निघत नाही.

पहिलं पात्र बिनपायाचं करावं, असं आमचं ठाम मत आहे. गोगलगाय, सुरवंट, लांब झग्यातली आजी, नुसता डोळे असलेला गोळा. हे पात्र सरकू शकतं, वाकू शकतं, दचकू शकतं, आणि पडत नाही. त्यातूनच भाव दाखवायला मुलं शिकतात. पायांचा प्रश्न पुढच्या पायरीवर.

पाय असलेलं पात्र ८ ते १२ सेंमी उंच ठेवा. त्याहून लहान असलं तर बोटं आत जात नाहीत, मोठं असलं तर स्वतःच्या वजनाने खचतं. डोकं हलकं हवं, म्हणून आत अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा आणि वर मातीचा पातळ थर. पावलं शोभतील त्यापेक्षा मोठी करा. सांगाडा अॅल्युमिनियमच्या तारेचा, १.५ मिमीच्या आसपास जाडीची दुहेरी पिळलेली. लोखंडी तार वाकवल्यावर थोडी मागे येते, त्यामुळे प्रत्येक फोटोत पात्र आपली जागा सोडतं. अॅल्युमिनियम जिथे वाकवाल तिथे राहतं, पण तेही गुडघ्याशी आणि कोपराशी पुन्हा पुन्हा वाकून तुटतं. एकाच बिंदूत तीक्ष्ण घडी न घालता सांधा थोड्या लांबीवर गोलसर वाकवला तर तार जास्त टिकते. लांब चित्रीकरण असेल तर हात-पाय बदलता येतील अशी जोडणी ठेवा. पावलांखाली ब्लू टॅक लावा, किंवा जमीन म्हणून थर्माकोल वापरून पावलातून टाचणी खाली रुतवा.

चालवणं हा सगळ्यात अवघड धडा. १० सेंमीच्या पात्राचं पाऊल ३ सेंमीचं धरा आणि एका पावलाला ६ फोटो. धड प्रत्येक फोटोत अर्धा सेंमी पुढे जातं. टेकलेलं पाऊल टेबलावर तिळभरही हलता कामा नये, आणि उचललेलं पाऊल तेवढ्याच ६ फोटोंत मागून पुढे ६ सेंमी जातं, कारण त्याला धडाच्या दुप्पट वाट कापायची असते. मुलं धडाबरोबर टेकलेलं पाऊलही सरकवतात, मग पात्र बर्फावरून घसरतं. टेकलेल्या पावलाभोवती पेन्सिलीने बारीक ठिपके केले की ही चूक निम्म्याने कमी होते. दोन्ही पाय एकमेकांजवळून जातात तेव्हा डोकं सगळ्यात उंच, दोन्ही पावलं टेकलेली असतात तेव्हा खाली. डोकं एवढं वर-खाली जरी झालं तरी चालण्याला वजन येतं.

त्रिमितीत किती हलवलं ते ओनियन स्किनवर नीट कळत नाही, विशेषतः पात्र कॅमेऱ्याकडे येत असेल तर. त्यासाठी एक जुनी युक्ती आहे: जड बुडाला लावलेली तारेची टोकदार दांडी. हलवण्याआधी तिचं टोक पात्राच्या नाकाला जेमतेम टेकवायचं, पात्र हलवायचं, आणि टोक व नाक यांत पडलेली फट पाहायची. मग दांडी चौकटीबाहेर. ती काढायला विसरणं हा नेहमीचा अपघात, म्हणून दाबणाऱ्याने ‘दांडी?’ असं विचारूनच बटण दाबावं.

बोटांचे ठसे हे मातीच्या फिल्मचं वैशिष्ट्य. प्रत्येक फोटोत पृष्ठभाग थोडा बदलतो आणि पात्राची कातडी उकळल्यासारखी दिसते. १९३३ च्या ‘किंग काँग’मध्ये त्या अजस्र माकडाचे केस सारखे सळसळताना दिसतात, तेही हलवणाऱ्या बोटांच्या दाबामुळेच. थोडं उकळणं गोड वाटतं. फार होत असेल तर पात्र नेहमी एकाच जागी, पाठीमागून धरा आणि चेहऱ्याला बोट न लावता टूथपिकने काम करा.

डोळ्यांना मणी लावा. त्यांच्या भोकात टाचणीचं टोक घालून बुबुळ फिरवता येतं. पापणी मिटायला ३ फोटो: अर्धी, पूर्ण, अर्धी. मान वळवायची असेल तर आधी डोळे वळवा, २ फोटोंनी डोकं, मग खांदे. नजर पुढे आणि शरीर मागे, हा क्रम पाळला की पात्र विचार करून वळतंय असं वाटतं.

स्वतःच पात्र होणं

माणसांनाही असंच एकेक फोटोने हलवता येतं, त्याला पिक्सिलेशन म्हणतात. मूल स्थिर उभं राहतं, फोटो, पाऊलभर पुढे सरकून पुन्हा तसंच उभं, फोटो. पडद्यावर ते पाय न हलवता मैदानावरून घसरत जातं. प्रत्येक फोटो उडी मारून हवेत असताना टिपला तर ते उडत जातं. सेकंदाला १२ उड्या लागतात, म्हणून दोन सेकंदांवर थांबा. ज्या मुलांना बारीक काम जमत नाही त्यांना इथे सूर सापडतो.

गोष्ट आणि माणसांची विभागणी

आता गोष्ट. एका पात्राला काहीतरी हवं आहे, काहीतरी आडवं येतं, आणि शेवटी ते मिळतं किंवा हुकतं. २० सेकंदांत याहून जास्त मावत नाही. ४ ते ६ चौकटींचा स्टोरीबोर्ड, म्हणजे गोष्टीचा चित्रांतला आराखडा काढा आणि प्रत्येक चौकटीखाली सेकंद लिहा, त्याखाली १२ ने गुणून फोटो. मग चौकटींचेच फोटो ठरलेल्या वेळांवर लावून फिल्मसारखे चालवून पाहा. गोष्ट कळत नसेल तर आत्ताच कळतं, आणि या टप्प्यावर दुरुस्तीला फक्त खोडरबर लागतो.

तीन जणांचा गट चांगला. एक हलवतो, एक फोटो काढतो, एक तक्ता लिहितो. तक्त्यात फोटोचा क्रमांक, काय हललं, किती हललं. काम मोडून दुसऱ्या दिवशी पुढे न्यायचं असेल तर हाच तक्ता उपयोगी पडतो. चौघं-पाच जण असले की उरलेले टेबलाला टेकतात. कामं बदला, पण शॉट पूर्ण झाल्यावर. मधेच हलवणारा बदलला की अंतरांची लय बदलते. फोटो काढणाऱ्याने ‘हात बाहेर’ हे शब्द ऐकल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

हात चौकटीत आलाच तर तो फोटो तिथल्या तिथे खोडा. कॅमेऱ्याला धक्का लागला तर ओनियन स्किनवर टेबलाच्या कडा जुळवून पूर्ववत आणायचा प्रयत्न करा. पाच मिनिटांत जमलं नाही तर झगडू नका: शॉट तिथेच संपवा, कॅमेरा जवळ न्या किंवा दुसऱ्या कोनात लावा आणि पुढची हालचाल तिथून सुरू करा. पाहणाऱ्याला ते मुद्दाम केलेलं वाटतं. किंचित बदललेला कोन मात्र उडी मारल्यासारखा खुपतो, म्हणून बदल करायचा तर ठळक करा.

आवाज

पात्र बोलत असेल तर आवाज आधी ध्वनिमुद्रित करा आणि तोंड त्याला जुळवा. उलट केलं तर ओठ आणि शब्द कधीच गाठत नाहीत. मराठी बोलताना एका अक्षराला साधारण दोन-तीन फोटो लागतात. पाच-सहा तोंडं पुरतात: मिटलेलं, थोडं उघडं, ‘आ’साठी मोठं, ‘ई’साठी रुंद, ‘ओ’ आणि ‘उ’साठी गोल. यातलं मिटलेलं तोंड चुकवू नये. प, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात, आणि तो एक फोटो गाळला तर बाकी सगळं बरोबर असूनही आवाज दुसऱ्याचाच वाटतो. ‘मामा’ हा शब्द मिटलेलं १, आ २, मिटलेलं १, आ ३ अशा सात फोटोंत बसतो. सरावाला तो छान आहे.

संवाद नसेल तर आवाज शेवटी. कागद चुरगाळणं, टेबलावर टिचकी, दोन वाट्या एकमेकींवर. मुलं हे उत्साहाने करतात. फोन आवाजाच्या जागेपासून वितभर दूर धरा आणि पंखा बंद करा. चेंडू टेकतो त्या फ्रेमवरच आवाज बसवा, किंवा एक फ्रेम उशिरा. आधी आला तर तो सुटा पडतो.

फिल्म बाहेर काढण्याआधी ती आवाज बंद करून एकदा आणि मग फ्रेमफ्रेमने एकदा पाहा. आवाजाशिवाय गोष्ट कळली पाहिजे. फ्रेमफ्रेमने पाहताना राहिलेली बोटं, दांडीचं टोक, सुटलेला टेपचा तुकडा आणि चुकून दोनदा आलेले फोटो सापडतात. दोनदा आलेला फोटो बहुतेक वेळा खोडावा. पण तो पात्र थबकतं तिथे असेल आणि चांगला वाटत असेल तर राहू द्या. फिल्म १०८० पिक्सेलमध्ये काढा आणि ॲपमधली मूळ फाइलही दुसऱ्या जागी उतरवून घ्या. बाहेर काढलेल्या व्हिडिओत एकेक फोटो सहज बदलता येत नाही, आणि पहिल्यांदा सगळ्यांना दाखवून झालं की प्रत्येक गटाला निदान चार फोटो तरी बदलायचे असतात.